ट्यूबचं वजन

१२ मे, सोम.
लादीवर ओली पावलं. फक्त उजवी. दारापासून माठापर्यंत. वाटलं, ताई पाय धुऊन आली. मग वाकून बघितलं. फोडाचं पाणी.

चवड्याखाली लिंबाएवढा फोड, फुटलेला. कातडं लोंबतंय. बारा ते दीड गच्चीवर कुरडया घालत होती. अनवाणी. मे महिन्यात, सिमेंटवर.

"चप्पल कुठे होती?"
"कुरडयांपाशी चप्पल घालून जातात का गं?"
"चटका बसला नाही?"
"बसला असता तर कळलं असतं ना."

सव्वीस वर्षांची साखर. पाय आहेत, पण त्यांच्याकडून बातमी येत नाही. आणि ही बाई तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होती.

कुरडया मी उचलून आणल्या. चप्पल घालून.

२० मे, मंगळ.
वास. आधी वाटलं, मोरीतून येतोय.

ड्रेसिंग ती स्वतः करते. खाटेवर बसून, पाय मांडीवर घेऊन, खाली आरसा धरून. मी दाराबाहेर उभी. मला बघवत नाही. "साहित्यवाले," म्हणते ती. "शब्दात रक्त चालतं, बशीत नाही."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. तिसऱ्यांदा.

२९ मे, गुरु.
पू तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट. एका रकान्यात औषधांची नावं, समोर एकच शब्द. रेझिस्टंट. रेझिस्टंट. रेझिस्टंट. पान संपेपर्यंत. खाली दोन इंजेक्शनं शिल्लक. ती तिच्या किडनीला झेपणार नाहीत.

अंधेरीच्या हॉस्पिटलात सर्जन. तरुण. ताईकडे न बघता मला म्हणाला, "बोटांपासून चवड्यापर्यंत काढावं लागेल. उशीर केलात तर घोट्यापर्यंत."
ताई म्हणाली, "पाय माझा आहे. इकडे बघून बोल."
तो बघून बोलला. वाक्य तेच.

आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

३ जून, मंगळ.
त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर एक स्टडी चालू आहे. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः विचारलं. साखरेच्या रुग्णांच्या चिघळलेल्या जखमा. नवीन जेल, त्यात पेप्टाइड. अर्ध्या लोकांना खरं जेल, अर्ध्यांना साधं. कोणाला कुठलं, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. जखम साफ करणं, ड्रेसिंग, तपासणी सगळ्यांना सारखंच.

संमतीपत्र पुढे आलं. चौदा पानं, मराठी. दुसऱ्याच ओळीला ओळखलं. माझं. हिवाळ्यात एका एजन्सीसाठी भाषांतर केलं होतं. कुठल्या हॉस्पिटलासाठी ते एजन्सी सांगत नाही. पोट भरायला मी हेच करते. कविता शिकले आणि संमतीपत्रं लिहिते.

ताईला सांगितलं. तिने शेवटचं पान काढलं आणि सही केली.
"वाच तरी."
"तू लिहिलंयस ना? मग मी काय तुझा पेपर तपासू?"

को-ऑर्डिनेटर पल्लवी हसली. मीसुद्धा. बरं वाटलं होतं मला. लिहून ठेवते, कारण हे नंतर आठवायचं नाही असं मी करेन.

४ जून, बुध.
ताई खूश. खाटेवरून वर्ग घेतेय. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. आपल्या कातडीत असतात, बेडकाच्याही असतात. "बेडूक जन्मभर चिखलात राहतो. सडत का नाही? विचार केलायस कधी?" नाही केला. "अँटिबायोटिक किल्लीसारखं. जंतू कुलूप बदलतात. हे कुलपाच्या नादी लागतच नाही. सरळ भिंतीला भोक पाडतं."

"तुला साधी जेली मिळाली असेल तर?"
"तर बेडूक दुसऱ्याच्या नशिबात."

ट्यूब फ्रिजमध्ये, अंड्यांच्या खणात. सकाळ-संध्याकाळ, बोटाच्या एका पेराएवढं.

१० जून, मंगळ.
पहिली तपासणी. जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनने कड आखतात. नकाशासारखं. मागच्यापेक्षा बेट थोडं लहान. वापरलेली ट्यूब परत द्यायची, नवीन घ्यायची. सोनाराकडे असतो तसा काटा आहे पल्लवीकडे.

निघताना ताईने तिला विचारलं, "आमच्या जिन्यावर कमल येते, पुसायला. तिच्या पिंढरीला सायलेन्सरचा चटका बसलाय. तीन महिने झाले, वाहतंय. तिला घ्याल का?"
"शुगर आहे का त्यांना?"
"नाही."
"मग नाही घेता येणार, आजी. फक्त शुगरवाले."
"म्हणजे साखर नाही, हा तिचा गुन्हा?"

पल्लवीने कमलसाठी ओपीडीचे वार लिहून दिले. सोमवार, गुरुवार, सकाळी नऊ. कमल नऊला आमच्या तिसऱ्या मजल्यावर असते. बादली, फिनेल, पाय ओला. तिला आधी दोन डॉक्टरांनी तीन-तीन दिवसांच्या गोळ्या दिल्यात. पुढच्या गोळ्या आणायला ती परत गेली नाही.

१७ जून, मंगळ.
वास गेला. खरंच गेला. डॉक्टरीणबाईंनी वाकून बघितलं आणि नुसतं "छान" म्हणाल्या. घोट्याची सूजही उतरली.

पण पल्लवी काट्याशी थबकली. "आजी, ट्यूब फार हलकी झालीय. जास्त लावता का?"
"माझा हात जड आहे."
"मापात लावा हं. वजन लिहावं लागतं आम्हाला."

घरी आल्यावर मी तिला पेर दाखवलं. स्वतःच्या बोटावर पेनने रेघ मारून. इथपर्यंत. याच्यापुढे नाही. ती नेहमीसारखं उलट बोलली नाही. मला शंका यायला हवी होती.

२१ जून, शनि.
एजन्सीची मीटिंग रद्द झाली, म्हणून पाच वाजता घरी. दार लोटलेलं. स्वयंपाकघरात कमल जमिनीवर, पाय पाटावर. ताई खुर्चीत वाकलेली. बोटावर मी दाखवली तशी रेघ. रेघेपर्यंत जेल. ते कमलच्या पिंढरीवर.

कमल उठायला लागली. ताई म्हणाली, "बस. पुसलं जाईल."

"कधीपासून?"
"पल्लवी नाही म्हणाली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."
"आणि आता मापात कसं बसतंय?"
तिने ट्यूबचं झाकण लावलं. मलाच कळलं. सकाळचं तिचं, संध्याकाळचं कमलचं. आधी दोघींनाही पुरेपूर लावत होती, म्हणून वजन पकडलं गेलं. मी माप शिकवलं, तेव्हापासून स्वतःचं अर्धं कापलं.

मी ओरडले. जिन्यात ऐकू गेलं असेल. पाय कापायला निघालेत तुझा, कापायला, आणि तू वाटतेयस. मोदक आहेत का ते?

"ओरडू नकोस. तिच्यासमोर नको."
"तिच्यासमोरच. कमल, तुला माहीत होतं हे औषध कोणाचं?"
कमल म्हणाली, "बाई म्हणल्या, पुष्कळ आहे."

२२ जून, रवि.
बोलणं बंद. भाजी तिने चिरली, फोडणी मी दिली. एका घरात दोन मुक्या.

दुपारी तिनेच तोंड उघडलं. "त्यात साधी जेली असेल, तर मी तिला काहीच दिलं नाही. आणि औषध असेल, तर तिलाही हवंच होतं. यात चूक कुठे, दाखव."
"पान सात."
"काय पान सात?"
मी वाचून दाखवलं. हे औषध फक्त तुमच्यासाठी आहे. ते इतर कोणालाही देऊ नये.
"हे तू लिहिलंस?"
"भाषांतर केलं."
"शी," म्हणाली ती. जेवणात केस सापडावा तशी.

२४ जून, मंगळ.
काट्यावर वजन अगदी बरोबर. पल्लवी म्हणाली, "वा आजी, शंभर टक्के!" ताई हसली. विद्यार्थ्याने नक्कल करून पास व्हावं तशी हसली.

मी बोलले नाही. नकाशावर बेट अजून थोडं लहान. लहान होतंय ना, मग कशाला बोलायचं. हा माझा विचार. लेखी.

घरी येताना रिक्षात सांगितलं, आजपासून दोन्ही वेळा तुझ्याच पायाला. मान हलवली. हो की नाही, कळू नये अशी.

२८ जून, शनि.
दारावर तिघी. कमलची नणंद कांदिवलीहून, तिची शेजारीण, आणि शेजारणीची सासू, गुडघ्याखाली फडकं बांधलेली. "बाई ती ट्यूब देतात ना?"

तिघींना मी जिन्यावरूनच परत पाठवलं. वाईट बोलले. सासूला उतरायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ मी दारात उभी राहून तिला उतरताना बघितलं. हात दिला नाही.

ताई आतून: "पाणी तरी विचारायचं."

ट्यूब काढून माझ्या भाषांतरांच्या पिशवीत ठेवली. मग आठवलं, थंड लागते. परत फ्रिजमध्ये. राग धरायलासुद्धा जागा नाही या घरात.

कमलला संध्याकाळी गाठलं, पहिल्या मजल्यावर. विचारलं, अजून लावतेस? म्हणाली, "बाई बोलावतात. मी नाही म्हणलं, तर म्हणतात, मी काय मेलेय का."

म्हणजे मी आंघोळीला जाते तेव्हा. पंधरा मिनिटांत उरकतात दोघी.

१ जुलै, मंगळ.
सांगितलं.

असं झालं. कागद ठेवला, कड आखली. मागच्या आठवड्याइतकीच. एका बाजूला थोडी जास्त. डॉक्टरीणबाई पल्लवीला म्हणाल्या, "लिही. पूर्ण डोस, प्रतिसाद थांबला." पल्लवी लिहायला लागली. पूर्ण डोस. मला ते सहन झालं नाही. अर्ध्या औषधाचा आळ पूर्ण औषधावर.

आणि खरं लिहायचं तर ते नंतरचं. आधी डोक्यात हे आलं की सांगितलं तर त्या ताईला दम देतील. पल्लवी रोज फोन करेल. दोन्ही वेळा पायाला लागेल. शाळेत पालक बाईंना सांगतात तसं. तुम्हीच सांगा हिला, घरी ऐकत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. आवाज चढवला नाही. पेन खाली ठेवलं. "मग आपल्याला थांबावं लागेल," म्हणाल्या.
"किती दिवस?"
"नाही. स्टडीतून बाहेर. जेल बंद. ड्रेसिंग आणि तपासणी चालू राहील, त्याची काळजी करू नका."
"पण आता ती नीट लावेल."
"तुम्हीच भाषांतर केलंय ना याचं?" त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. बहुधा ताईनेच मिरवलं असेल.

हो, मीच. औषध दुसऱ्याला दिल्यास तुमचा सहभाग थांबवला जाईल. ते वाक्य विसरले नव्हते. वाटलं होतं, समोर माणसं आहेत.

पल्लवीचे डोळे भरले. तिला आता वर लिहून कळवावं लागणार, वजन कमी आलं तेव्हा नीट का विचारलं नाही. ताईने तिचा हात धरला. तिचा. माझ्याकडे बघितलंही नाही.

"त्या कमलबाईंना आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना काही त्रास झालाय का, बघायला हवं."

ट्यूब काट्यावर ठेवली, पाकिटात घातली, पाकीट बंद केलं.

२ जुलै, बुध.
"मला विचारून सांगायचं होतंस." दिवसभरात एवढंच.
मी: "तू मला विचारून वाटलंस?"
"गप रव."
रागावली की गावची भाषा. आईचा आवाज.

५ जुलै, शनि.
कमलने पिंढरी दाखवली. भरलीय. गुलाबी, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी. कोरडी. मी बघितली. तिचा पाय मला बघवला, हेही लिहून ठेवते.

आनंद व्हायला हवा. झाला नाही. डोक्यात हिशेब एकच. ही कातडी कोणाची.

मग म्हणजे आमची ट्यूब खरी होती? की कमलला साखर नाही, आणि ताईने रोज जखम धुऊन, पुसून, कोरडी पट्टी बांधली, म्हणून भरली? तीन महिने कोणी तेवढंही केलं नव्हतं. कळायला मार्ग नाही.

हॉस्पिटलात चल म्हटलं.
"आता कशाला?"
"तपासायचंय त्यांना."
"वाहत होता तेव्हा घेतलं नाय. आता बरा झाला तर बघायला बोलावतात?" बादली उचलली. "सोमवारी नऊला पाणी येतं. कोण पुसणार?"

तिच्यावर चिडले होते, ते चिडणं तिथेच जिन्यात कुठेतरी राहिलं. खाली आले तर हातात नव्हतं. ताईवरचं आहे. ते भक्कम आहे.

८ जुलै, मंगळ.
पुन्हा पू घेतला तपासायला. कड मागच्यापेक्षा मोठी नाही, लहान नाही. तळाशी पिवळं थोडं. सर्जनला बोलावलं. यावेळी तो आधीच ताईकडे बघून बोलला. "शुक्रवारी रिपोर्ट येईल. शनिवारी सकाळी जखम बघतो. लाल दिसली तर थांबू. पिवळं पसरलं असेल तर पुढच्या मंगळवारी ऑपरेशन."

डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठलं. ट्यूबमध्ये काय होतं, एवढं सांगा.
"मला माहीत नाही."
"कोणाला माहीत आहे?"
"स्टडी संपल्यावर उघडतात. सगळ्यांचं एकदम."
"तोपर्यंत तिचा पाय?"
"माझ्या हातात असतं तर मी दुसरी ट्यूब काढून दिली असती, असं वाटतं ना तुम्हाला? तसं केलं, तर वरच्या वॉर्डात जे झोपलेत, त्यांच्यासाठी हे औषध कधीच बाहेर येणार नाही."

बरोबर आहे. बरोबर असलेल्या माणसाच्या तोंडात मारावंसं पहिल्यांदाच वाटलं.

१० जुलै, गुरु.
एजन्सीकडून नवीन संमतीपत्र. लहान मुलांच्या दम्याचं. पान पाचवर तेच. हे औषध इतर कोणालाही देऊ नये. तिथेच बसून राहिले. यापेक्षा वेगळं कसं लिहिणार? वेगळं लिहून ताई थांबली असती का? नसती. वाचलं असतं तरी नसती. हे मला पहिल्या दिवशीही माहीत होतं आणि तरी मी ट्यूब तिच्या हातात देऊन दाराबाहेर उभी राहिले. महिनाभर. एक महिना मी त्या दाराबाहेर उभी होते. आत आले असते तर

वाक्य सोडून दिलं. दम्याचं पूर्ण केलं.

११ जुलै, शुक्र.
रिपोर्ट आला. जंतू तेच, पण कमी. "तुरळक वाढ." पल्लवीने फोनवर वाचला. आता फोन करायचं तिचं काम नाही, तरी केला. म्हणाली, चांगलं आहे असं म्हणू शकत नाही, वाईट आहे असंही नाही. जखम कशी दिसते, त्यावर आहे सगळं.

संध्याकाळी ताईने हाक मारली. "नलू." दहा दिवसांत पहिल्यांदा नावाने.

पाय उशीवर. पट्टी सोडलेली. मोतीबिंदू वाढलाय, आरशात धड दिसत नाही, म्हणाली. लाल आणि पिवळं एकच दिसतं. कधीपासून? महिना झाला असेल.

"तू बघ."
"मी?"
"मग कोण, कमल?"

दिवा ओढून घेतला. खाली बसले, पाय मांडीवर घेतला. जड आहे. थंड आहे. तिला माझे हात कळत नाहीत, हे माहीत असूनही हळू धरला. सलाइनने धुतलं. कापूस फिरवला.

मध्ये ओलं. एका कडेला पिवळं. दुसऱ्या कडेला काहीतरी पांढरट, दोऱ्याएवढं, आत सरकत आलेलं. नवीन कातडी असेल. मेलेली जुनी असेल. दिव्याखाली दोन्ही सारखीच.

"काय दिसतंय?"
मी कापूस बदलला.
"बोल की. खरं सांगायची हौस ना तुला? सांग."

वाकले. अजून जवळ गेले.

"बघतेय," म्हटलं. "पाय हलवू नकोस."